इस्रायलवरची टीका आणि ज्यूद्वेष: पुरोगामी मित्रांकडून वारंवार येणारे प्रश्न

गाझातलं युद्ध सुरू झाल्यापासून अभ्यासवर्गांत, व्याख्यानांनंतर आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी पॅलेस्टिनी स्वातंत्र्याच्या बाजूची आहे. आपल्याच बाजूच्या सभांमधून जो ज्यूद्वेष ऐकू येतो, त्याबद्दल गप्प बसणं मला म्हणूनच जमत नाही.

म्हणजे इस्रायलवर टीकाच करायची नाही का?

जरूर करायची. १९४८ साली सुमारे सात लाख पॅलेस्टिनींना घरदार सोडावं लागलं आणि त्यांना परत येऊ दिलं गेलं नाही. १९६७ पासून वेस्ट बँकेवर लष्करी ताबा आहे आणि त्या जमिनीवर वसाहती वाढतच आहेत. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझात हजारो मुलं मारली गेली. हे सगळं मोठ्याने बोललंच पाहिजे. नेतान्याहू सरकारविरुद्धची अतिशय कडक भाषा तेल अवीवच्या ‘हारेत्झ’ दैनिकात सापडते. ‘अपार्थाइड’ (वंशावरून माणसांना वेगळं ठेवणारी राजवट) हा शब्द जानेवारी २०२१ मध्ये बेत्सेलेम या इस्रायली मानवाधिकार संघटनेने वापरला, त्याच वर्षी एप्रिलमध्ये ह्यूमन राइट्स वॉचने आणि पुढच्या वर्षी अॅम्नेस्टीने. दक्षिण आफ्रिकेने तर डिसेंबर २०२३ मध्ये वंशसंहाराचा खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. हे शब्द कुणाला पटतील, कुणाला पटणार नाहीत. पण ते एका राज्यसंस्थेच्या कृतींबद्दल आहेत. त्यांवर पुरावे मागता येतात, देता येतात, वाद घालता येतो.

‘हे लोक मुळातच असे’, ‘सगळं जग त्यांच्या मुठीत आहे’, ‘यांच्या मुलांचं काय व्हायचं ते होवो’ असं कुणी म्हणू लागलं की पुराव्याचा काही संबंधच उरत नाही. गडबड तिथे सुरू होते.

जे आयुष्यभर वंशद्वेषाविरुद्ध लढले, ते डावे स्वतः ज्यूद्वेषी कसे असतील?

या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं तर बाकीचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

बहुतेक वंशद्वेष समोरच्याला खाली ढकलतो. तो आळशी, घाणेरडा, अडाणी आहे असं म्हणतो. ज्यूंबद्दल हेही म्हटलं गेलं, पण त्यांच्याबाबतीत दुसरं एक चित्र जास्त टिकलं: पडद्यामागे बसून सूत्रं हलवणारा, बँका आणि वर्तमानपत्रं खिशात ठेवणारा, युद्धं पेटवून नफा मिळवणारा. या चित्रात ज्यू दुबळा नसतो, सर्वशक्तिमान असतो. त्यामुळे त्याचा द्वेष करणाऱ्याला आपण सत्तेविरुद्ध बंड करतोय असंच वाटतं. सत्तेविरुद्ध उभं राहणं हा तर डाव्यांचा स्वभाव. म्हणून हे चित्र त्यांच्या नजरेतून निसटतं, कधीकधी आवडूनही जातं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन भाषक समाजवाद्यांनी हा धोका ओळखून त्याला ‘मूर्खांचा समाजवाद’ म्हटलं होतं. भांडवलशाही समजून घ्यायला कष्ट पडतात, एका सावकाराकडे बोट दाखवायला पडत नाहीत.

‘झायनच्या ज्येष्ठांचे प्रोटोकॉल’ हा या चित्राचा सर्वांत गाजलेला दस्तऐवज. जग ताब्यात घेण्याच्या ज्यूंच्या गुप्त बैठकांचा वृत्तांत म्हणून तो १९०३ मध्ये एका रशियन वर्तमानपत्रात छापला गेला. १९२१ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने दाखवून दिलं की त्यातला मोठा भाग १८६४ सालच्या एका फ्रेंच उपहासात्मक पुस्तकातून उचललेला आहे. ते पुस्तक तिसऱ्या नेपोलियनवर टीका करणारं होतं आणि त्याचा ज्यूंशी काही संबंध नव्हता. ही बनावटगिरी उघडकीला येऊनही काही बिघडलं नाही. हमासच्या १९८८ च्या सनदेच्या ३२ व्या कलमात या प्रोटोकॉलचा पुरावा म्हणून हवाला आहे. २०१७ च्या त्यांच्या नव्या दस्तऐवजात तो नाही, हेही सांगितलं पाहिजे.

एखादं नेमकं उदाहरण द्या. नुसतं ‘चित्र’ म्हणून कळत नाही.

२०१२ मध्ये पूर्व लंडनच्या ब्रिक लेनजवळ एका भिंतीवर भित्तिचित्र रंगवलं गेलं. सूटबूट घातलेले काही म्हातारे बँकर एका पटाभोवती बसून खेळ खेळताहेत. त्यांतल्या काहींची नाकं मोठी, बाकदार. पट ठेवला आहे तो ओणवं बसलेल्या उघड्या माणसांच्या पाठींवर. मागे पिरॅमिड आणि त्यावर सर्व काही पाहणारा डोळा. चित्रकाराचं म्हणणं होतं की हे वर्गसंघर्षाचं चित्र आहे. स्थानिक प्रशासनाने ते काढायला लावलं, तेव्हा मजूर पक्षाचे खासदार जेरेमी कॉर्बिन यांनी फेसबुकवर त्या चित्रकाराची बाजू घेतली. मार्च २०१८ मध्ये, कॉर्बिन पक्षाचे नेते असताना, हे पुन्हा वर आलं आणि चित्र नीट पाहिलं नव्हतं याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला.

कॉर्बिन यांच्या मनात ज्यूंबद्दल द्वेष होता, असं मी म्हणत नाही. मला भिववते ती वेगळी गोष्ट. शोषितांच्या पाठीवर बसलेले श्रीमंत दिसले की डाव्या माणसाचं मन लगेच होकार देतं. त्या श्रीमंतांचे चेहरे कुठल्या जुन्या पोस्टरांवरून आले आहेत, हे बघायला तो थांबतच नाही. ब्रिटनच्या समानता आणि मानवाधिकार आयोगाने ऑक्टोबर २०२० च्या अहवालात मजूर पक्षाला ज्यू सदस्यांचा छळ आणि भेदभाव केल्याबद्दल कायदाभंगासाठी जबाबदार धरलं. वंशद्वेषविरोध हीच ज्या पक्षाची ओळख, त्याच्यावर हा ठपका आला.

मी ‘ज्यू’ म्हणतच नाही, ‘झायनवादी’ म्हणतो. मग अडचण काय?

झायनवाद म्हणजे पॅलेस्टाइनच्या भूमीत ज्यूंचं राष्ट्र असावं हा विचार. तुम्ही या विचारसरणीबद्दल बोलत असाल तर काही अडचण नाही. पण ‘झायनवादी माध्यमं चालवतात’, ‘झायनवादी पैसा सरकारं पाडतो’ अशा वाक्यांत शब्द नवा असतो, आरोप जुनाच. आणि हा शब्द ढालीसारखा वापरण्याचा मोठा इतिहास डाव्या सत्तांकडेच आहे.

नोव्हेंबर १९५२ मध्ये चेकोस्लोव्हाकियात प्रागला रुडॉल्फ स्लान्स्की आणि इतर १३ कम्युनिस्ट नेत्यांवर खटला चालला. चौदापैकी ११ जण ज्यू होते. आरोपपत्रात त्यांच्या नावांपुढे ‘ज्यू वंशाचा’ अशी नोंद होती आणि झायनवादी कटाचा आरोप होता. यांतले बहुतेक जण झायनवादाचे कट्टर विरोधक होते. ११ जणांना फाशी झाली. १९६३ मध्ये निकाल चुकीचा होता असं त्यांच्याच राज्याने मान्य केलं.

पोलंडचं प्रकरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते थेट इस्रायलच्या निमित्ताने घडलं. जून १९६७ च्या युद्धानंतर पक्षप्रमुख गोमुल्का यांनी कामगार संघटनांसमोरच्या भाषणात ‘पाचव्या फळी’चा, म्हणजे आतून देशाला दगा देणाऱ्यांचा, उल्लेख केला. मार्च १९६८ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यामागे ‘झायनवादी’ असल्याचा प्रचार सुरू झाला. कारखान्याकारखान्यांत निषेधसभा भरवल्या गेल्या. ज्यांनी आयुष्यात कधी इस्रायलचा विचार केला नव्हता, ज्यांचे आईबाप नाझी छळछावण्यांत गेले होते, अशा डॉक्टर, प्राध्यापक, संपादकांच्या नोकऱ्या गेल्या. नोकरी गमावलेल्यांत समाजशास्त्रज्ञ झिग्मुंट बाउमनही होते. देश सोडणाऱ्याला पासपोर्टाऐवजी एक प्रवासपत्र मिळे आणि त्यावर लिहिलेलं असे की हे पत्र बाळगणारी व्यक्ती पोलंडची नागरिक नाही. वॉर्सॉच्या ग्दान्स्क स्थानकावरून माणसं गाडीत बसत, फलाटावर नातलग उभे असत. साधारण १३ हजार ज्यू असे गेले. या मोहिमेत ज्यूविरोधी काही नाही, फक्त झायनवादविरोध आहे, असं सरकार शेवटपर्यंत सांगत राहिलं.

मग झायनवादाला विरोध हाच ज्यूद्वेष, असं तुमचं म्हणणं आहे का?

नाही. १८९७ मध्ये विल्ना इथे स्थापन झालेला बुंद हा ज्यू कामगारांचा समाजवादी पक्ष झायनवादाचा कडवा विरोधक होता. जिथे आहोत तिथेच हक्क मिळवायचे, ही त्याची भूमिका. काही कर्मठ धार्मिक ज्यू आजही मसीहा येण्याआधी ज्यू राज्य असूच नये असं मानतात. दोन्ही समाजांना समान नागरिकत्व देणारं एकच राज्य हवं असं म्हणणारे ज्यू आणि पॅलेस्टिनी विचारवंत आहेत. आणि ज्या पॅलेस्टिनी माणसाच्या आजोबांचं जाफ्यातलं घर गेलं, त्याने झायनवादाचा राग करू नये अशी अपेक्षा तरी कोणी कशी करावी?

मी एकच विचारते: तुमच्या कल्पनेतल्या उद्याच्या पॅलेस्टाइनमध्ये आज तिथे राहणाऱ्या सत्तर लाखांहून अधिक ज्यूंचं काय होतं? ‘समान नागरिक म्हणून राहतील’ हे एक उत्तर झालं. ‘आले तिथे परत जातील’ म्हणणारा माणूस मात्र एका हकालपट्टीवर दुसरी हकालपट्टी सुचवतोय.

इथे आपल्या देशाचाही संबंध येतो. झायनवाद हा वंशवादाचाच एक प्रकार आहे, असा ठराव संयुक्त राष्ट्रांनी १० नोव्हेंबर १९७५ रोजी ७२ विरुद्ध ३५ मतांनी केला. भारताचं मत बाजूने होतं. डिसेंबर १९९१ मध्ये तो रद्द झाला, तेव्हा भारताने रद्द करण्याच्या बाजूने मत दिलं.

इस्रायली ज्यू म्हणजे युरोपातून आलेले गोरे वसाहतवादीच ना?

ब्रिटिश साम्राज्याच्या आश्रयाने झालेलं स्थलांतर, पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंना राष्ट्रीय घर देण्याचं वचन देणारी १९१७ ची ब्रिटिश बाल्फोर घोषणा, वेस्ट बँकेतल्या आजच्या वसाहती, या सगळ्याला वसाहतवादाची चौकट लावून अभ्यास होतो आणि व्हावा. पण ‘गोरे युरोपीय’ हे वर्णन इस्रायलमधल्या ज्यू समाजाच्या जवळपास निम्म्या भागाला लागूच पडत नाही. ते इराक, येमेन, मोरोक्को, इराण अशा देशांतून आले. बगदादमध्ये शतकानुशतकं ज्यू राहत होते. जून १९४१ च्या फरहूद दंगलीत त्यांतले सुमारे १८० जण मारले गेले आणि पुढच्या दशकात जवळजवळ सगळा समाज देश सोडून गेला.

आणि कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्रायल? रायगडच्या गावांत ते तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. नवगावकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर ही त्यांची आडनावं. वरळीच्या ज्या डॉ. ई. मोझेस मार्गावरून आपण जातो, ते मोझेस १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर होते. १९४८ नंतर यांतली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघालं. दिमोना किंवा अश्दोदमध्ये घरी मराठी बोलणाऱ्या आजीला ‘गोरी युरोपीय’ म्हणायचं कसं? तिला तर तिथल्या धर्मसत्तेने ‘तुम्ही अस्सल ज्यू आहात का’ असा प्रश्न टाकून लग्नाची अडवणूक केली होती. १९६४ मध्ये बेने इस्रायलींनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, तेव्हा संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला. इस्रायलमधला हा वर्णभेद, वर्गभेद डाव्यांनी जरूर मांडावा. पण त्यासाठी आधी ही माणसं दिसायला हवीत.

जगभरातल्या ज्यूंनी इस्रायलचा जाहीर निषेध करावा, ही अपेक्षा चुकीची आहे का?

आपल्याकडे प्रत्येक मुसलमानाला पाकिस्तानचा जाब विचारला जातो, तेव्हा तुम्हाला काय वाटतं? तेच इथे. एखाद्या ज्यू विद्यार्थिनीला डाव्या गटात प्रवेश देण्यापूर्वी ‘आधी इस्रायलबद्दल भूमिका सांग’ म्हणणं, आणि शेजारी बसलेल्या इतर कुणालाही असं काही न विचारणं, हा भेदभावच आहे.

याचं टोक कुठे जातं तेही बघा. ९ नोव्हेंबर १९६९ रोजी पश्चिम बर्लिनमधल्या ज्यू समाजकेंद्रात नाझींनी प्रार्थनास्थळं जाळली त्या रात्रीची स्मृतिसभा होती. तिथे एका जहाल डाव्या गटाने बॉम्ब ठेवला. कारण दिलं पॅलेस्टाइनचं. बॉम्ब फुटला नाही. १९७६ मध्ये युगांडातल्या एन्टेबेला नेलेल्या एअर फ्रान्सच्या विमानाच्या अपहरणकर्त्यांत दोन जर्मन डावे होते. तिथे इस्रायली आणि काही बिगर-इस्रायली ज्यू प्रवाशांना बाकीच्यांपासून वेगळं काढलं गेलं. नाझींविरुद्धच्या रागातून राजकारणात आलेली ही पिढी होती. २१ मे २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये ज्यू संग्रहालयातल्या कार्यक्रमातून बाहेर पडणाऱ्या एका तरुण जोडप्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पकडलेला माणूस ‘फ्री पॅलेस्टाइन’ ओरडत होता.

मोर्चा इस्रायली वकिलातीवर न्या. ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर, सिनेगॉगवर का?

७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला हा प्रतिकार नव्हता का? व्याप्त जनतेला लढण्याचा हक्क आहे.

आंतरराष्ट्रीय कायदा परकीय ताब्याविरुद्ध लढण्याचा हक्क मान्य करतो. घरात घुसून म्हातारी माणसं आणि मुलं मारण्याचा, ओलीस नेण्याचा हक्क तो कुणालाच देत नाही. त्या दिवशी सुमारे १,२०० माणसं मारली गेली, २५१ जणांना पळवून नेलं. मेलेल्यांत थायलंडहून आलेले शेतमजूर होते, बेदुइन अरब होते. बेएरी या किबुत्झमध्ये (सामूहिक वस्तीत) ७४ वर्षांच्या व्हिव्हियन सिल्व्हर मारल्या गेल्या. गाझातल्या रुग्णांना इस्रायली इस्पितळांत पोहोचवण्याचं काम करणारी ही शांतता कार्यकर्ती होती. त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या काही डाव्या गटांनी हमासचे हल्लेखोर ज्यातून उतरले त्या पॅराग्लायडरचं चित्र टाकून आनंद व्यक्त केला. लैंगिक अत्याचारांच्या बातम्यांवर, एरवी ‘बाईवर विश्वास ठेवा’ म्हणणाऱ्या लोकांनी पुरावे मागितले.

यामुळे गाझात नंतर जे झालं ते न्याय्य ठरत नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये नेतान्याहू आणि माजी संरक्षणमंत्री गॅलंट यांच्यावर वॉरंट काढलं आणि त्याच दिवशी हमासच्या महंमद देइफवरही काढलं. एका न्यायालयाला जे एकाच दिवशी जमतं, ते आपल्या निषेधपत्रकांना का जमू नये?

इस्रायलची तुलना नाझींशी केली तर?

माझं मत: करू नका. प्रत्येक तुलना द्वेषातूनच येते असं नाही, इस्रायली लेखकही रागाच्या भरात ती करतात. पण जगात इतकी क्रूर राज्यं होऊन गेली, तरी ज्यूंशी बोलताना नेमके ६० लाख ज्यूंचे मारेकरीच का आठवतात? त्यात गाझाचं दुःख समजावण्यापेक्षा समोरच्याची जखम उकरण्याचा हेतू जास्त असतो. गाझाबद्दल बोलायला गाझातलीच वस्तुस्थिती पुरेशी आहे.

‘नदीपासून समुद्रापर्यंत पॅलेस्टाइन मुक्त’ ही घोषणा?

कोण देतंय आणि पुढे काय म्हणतंय, यावर ठरतं. अनेक पॅलेस्टिनींसाठी तिचा अर्थ ‘आमचा सगळा समाज मोकळा व्हावा’ एवढाच. हमाससाठी तो इस्रायल नाहीसं करणं असा होतो. आणि इस्रायलच्या उजव्या लिकुद पक्षाच्या १९७७ च्या जाहीरनाम्यातही समुद्र आणि जॉर्डन नदीच्या मध्ये फक्त इस्रायलचीच सत्ता राहील असं म्हटलं होतं. घोषणा ऐकताच कुणावर शिक्का मारू नका. पण तुम्ही ती देत असाल तर दोन्ही समाजांची समानता त्याच दमात बोलून दाखवा.

इस्रायलवरच्या बहिष्काराला पाठिंबा देणं?

शांततामय मार्ग आहे, त्यात मुळात ज्यूद्वेष नाही. इस्रायली शस्त्रकंपनी टाळणं वेगळं आणि गल्लीतलं ज्यू मालकाचं दुकान टाळणं वेगळं. व्यक्तीच्या जन्मावर बहिष्कार नको.

पण ज्यूद्वेषाचा आरोप तर आमचं तोंड बंद करायलाच वापरतात!

वापरतात. ज्यूद्वेषाची जी कामचलाऊ व्याख्या २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मृती आघाडी या अनेक देशांच्या संघटनेने स्वीकारली, तिचा मूळ मसुदा करण्यात मुख्य वाटा असलेले केनेथ स्टर्न हेच आता तिचा वापर विद्यापीठांत मुस्कटदाबीसाठी होतोय म्हणून तक्रार करतात. मार्च २०२१ मध्ये दोनशेहून अधिक अभ्यासकांनी जेरुसलेम जाहीरनामा काढला. कुठली टीका ज्यूद्वेषी आहे आणि कुठली नाही, हे त्यात एकेक उदाहरण घेऊन मांडलं आहे. मला तो जास्त उपयोगी वाटतो. ब्रिटनच्या मजूर पक्षावरच्या २०२२ च्या फोर्ड अहवालानेही सांगितलं की पक्षातल्या गटबाजीत दोन्ही बाजूंनी हा विषय हत्यार म्हणून वापरला.

तरीही आरोपाचा गैरवापर होतो म्हणून प्रत्येक आरोप खोटा, असं होत नाही. दलित कार्यकर्ती ‘हे जातीय आहे’ म्हणते तेव्हा आपण पहिल्यांदा तिचा हेतू तपासत नाही, तिचं म्हणणं ऐकतो. ज्यू माणसाने तेच म्हटलं की ‘इस्रायलला वाचवायला बोलतोय’ हे पहिलं वाक्य का यावं? ऐका, तपासा, आणि पटलं नाही तर कारणासह सांगा.

आपल्याकडे कुठे आलाय ज्यूद्वेष? आणि इथले उजवे तर इस्रायलचे चाहते आहेत.

भारतातल्या ज्यूंना शेजाऱ्यांकडून फारसा त्रास झाला नाही, हे खरं. पण नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत आलेल्या अतिरेक्यांनी ताजबरोबर कुलाब्याच्या गल्लीतलं नरिमन हाउस शोधून काढलं, ते तिथे ज्यू होते म्हणूनच. ते मारेकरी डावे नव्हते. तरी दूरदेशीच्या कुठल्याही ज्यूला इस्रायलचा हस्तक समजणारा विचार आपल्या शहरात माणसं मारून गेला आहे.

उजव्यांचं म्हणाल, तर हिटलरचं आत्मचरित्र फूटपाथवर घेणारा आणि इस्रायलचा झेंडा डीपीला लावणारा माणूस एकच असू शकतो. त्याचं इस्रायलप्रेम बहुतेकदा मुसलमानांच्या रागातून आलेलं असतं. त्याला उत्तर म्हणून आपण ‘रॉथशिल्ड हे ज्यू बँकर घराणं जग चालवतं’ अशा कथा पुढे पाठवायच्या का?

ग्रुपवर अशी पोस्ट आली तर नेमकं काय करायचं?

पोस्टमधला दावा आधी शोधा. उदाहरणार्थ, ‘११ सप्टेंबरला चार हजार ज्यू कामावर आलेच नाहीत’ ही अफवा अजून फिरते. त्या हल्ल्यात शेकडो ज्यू मेले. एवढं एक वाक्य लिहिलं तरी पुरतं. पाठवणाऱ्याला द्वेष्टा म्हणू नका. बहुतेकांनी गाझातल्या मुलांचे फोटो पाहून अस्वस्थपणे बटण दाबलेलं असतं. त्याला सांगा की ती मुलं खरी आहेत, त्यांच्यासोबत ही खोटी गोष्ट कशाला?

आणि त्या जागी पाठवायला चांगलं काहीतरी हाताशी ठेवा. २०१५ पासून इस्रायलमध्ये ज्यू आणि अरब नागरिक मिळून चालवत असलेली ‘स्टँडिंग टुगेदर’ चळवळ युद्धबंदीसाठी रस्त्यावर उतरली आहे. गाझाकडे जाणाऱ्या मदतीच्या ट्रकांना उजव्या टोळ्यांपासून वाचवायला तिचे कार्यकर्ते उभे राहिले. जानेवारी २०२४ मध्ये बहिष्कार चळवळीने या संघटनेवरही बहिष्काराचं आवाहन केलं. मला ते चुकीचं वाटतं. तुम्ही तिची पत्रकं वाचा आणि तुमचं मत बनवा.